वस्तादांचा दोन नंबरचा गिअर

मित्रांनो, तालमीच्या खिडकीत ठेवलेला, तीन दात पडलेला मी एक जुना गिअर आहे. नवी पोरे मला वजन समजून उचलून बघतात. बघू देत. पण माझ्याकडून मऊ बोलण्याची अपेक्षा करू नका, माझा जन्मच मारहाणीत गेला.

लालभडक पोलादाला घणाखाली ठेचून मला घडवले. माझे अंग कातरून दात कोरले. मग पुन्हा भट्टीत तापवून धाडकन तेलात बुडवले. मी किंचाळलो, धूर निघाला, आणि तेव्हाच मला कळले की या जगात माझ्या बाजूने कुणी असेल तर ते तेलच.

पुढे मी एका पांढऱ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये बसलो. मी दोन नंबरचा, त्यामुळे घाट आला की माझी पाळी. समोरच्या दातेरी चाकाच्या दातांत दात अडकवायचे आणि सगळ्या गाडीचे ओझे अंगावर घ्यायचे. आमच्या मध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असे. तो होता तोवर आमची झटापट चाले, रक्तपात होत नसे.

माझे मालक विजयसिंह वस्ताद कोल्हापुरातल्या एका तालमीत कुस्ती शिकवत. दर रविवारी मुलीला, क्रांतीला, घेऊन ते गगनबावड्याचा घाट उतरत आणि खालच्या गावातल्या पोरांना डाव शिकवून परत येत. क्रांती सतरा वर्षांची, स्वतः पैलवान. राज्याच्या संघासाठी तिची निवड चाचणी जवळ आली होती.

वस्तादांचा सगळ्यावर एकच इलाज, जोर. मात्र हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, मातीवर त्यांचा भारी जीव. दरवर्षी माझ्याच गाडीच्या डिकीतून तेलाचे डबे, ताकाच्या बरण्या, हळद आणि लिंबे तालमीत जात. माती खोदून ते सगळे त्यात वस्ताद स्वतःच्या हाताने कालवत. मागे डबे हिंदकळत आणि पुढे मी ताज्या तेलाच्या एका थेंबासाठी झुरत असे.

साठ हजार किलोमीटर झाले तेव्हा, इंजिनचे तेल बदलून झाल्यावर गणपतराव मिस्त्रींनी विषय काढला होता.

"वस्ताद, गिअरबॉक्सचंबी तेल बदलूया. घाटात फिरतीया तुमची गाडी."

"आत्ता बदललं की तेल."

"ते इंजनाचं. ह्याचं येगळं असतंय."

"गळतंय काय?"

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे. गळत न्हाय तर कशाला हात लावायचा?"

मिस्त्रींनी हसून बॉनेट लावले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

तेल काळे पडले. आमच्याच अंगाचा चुरा त्यात फिरू लागला आणि आम्हालाच ओरबाडू लागला. सकाळी मी जागेवर बसायला कुरकुर करी, उतारावर मध्येच निसटून जाई.

"आबा, गिअर दात खातोय. मिस्त्रींना दावूया की," क्रांती म्हणे.

"मशीन हाय ती. दाबल्याबिगर ऐकत न्हाय," म्हणत वस्ताद गिअरच्या दांडीवर पंजा हाणत. तो प्रत्येक तडाखा माझ्या अंगावर बसे.

निवड चाचणीला नऊ दिवस उरले होते. रविवार होता, घाटातला रस्ता ओला होता. तीव्र उतारावर मी निसटलो आणि गाडी मोकाट सुटली. ब्रेक तापून ढिले पडले होते. वस्तादांनी दांडी हाणली. मी बसलो नाही. त्यांनी पुन्हा हाणली. तिसऱ्यांदा सगळी ताकद लावून हाणली आणि माझा एक दात तुटला. तो तुकडा समोरच्या दातेरी चाकात सापडला, त्याने माझे आणखी दोन दात उडवले, आणि कवच फोडून बाहेर गेला.

उजवीकडे दरी होती. वस्तादांनी गाडी डावीकडे डोंगरावर घातली. डावीकडेच क्रांती बसली होती. पट्टा लावला होता म्हणून ती जगली. तिच्या खांद्याचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझे दात तुटताना झाला तसाच तो होता, फक्त बारीक.

मिस्त्रींनी मला बाहेर काढले तेव्हा खाली तेल नव्हते, लोखंडाच्या कणांनी चकाकणारा काळा चिखल होता. वस्तादांनी तो बोटांत चोळून पाहिला.

"वस्ताद, हौद्यातल्या मातीत दरसाली तेल कशापायी घालता?" मिस्त्रींनी विचारले.

"माती कडक झाली तर पोरांची हाडं मोडत्यात."

एवढे बोलून वस्तादांनी क्रांतीकडे पाहिले. ती जायबंदी हात गळ्यात बांधून शेजारीच उभी होती.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचे पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत तसेच पडले असेल. घरच्यांना ते उघडायला लावा. गिअरचे तेल किती किलोमीटरला बदलायचे ते त्यात लिहिलेले असते. घाटात फिरणाऱ्या गाडीला ते त्याही आधी लागते. आणि गिअर कुरकुरला तर त्याला मारू नका, त्याचे ऐका.

माझ्या जागी नवा गिअर तीन दिवसांत बसला. मी इथे खिडकीत आलो. दरवर्षी माती कालवून झाली की वस्ताद तेलाचा हात माझ्यावरून फिरवतात. आता मला ते काय करायचे? उरलेले तेल ते क्रांतीच्या खांद्याला चोळतात, रोज, अगदी हलक्या हाताने. चोळून झाले की ती हात वर करून बघते. तो खांद्याच्या वर जात नाही.