आधी बसा

सायकलचे झिजलेले टायर.

सियालदा स्टेशनचा फलाट.

समाजशास्त्राचे जाड पुस्तक, पावसात पदराखाली झाकलेले.

गुळाचा वास.

एक साहेब, उभेच.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच आहेत. मी एक जुना मोढा आहे. मोढा म्हणजे बांबूची आणि वेताची गोल बैठक. पाठ नसलेली, कमरेशी डमरूसारखी बारीक. पूर्व बंगालात, बारीसालकडच्या एका गावात मला टुकू नावाच्या मुलीच्या आजोबांनी विणले. बांबूच्या काड्या तासल्या, वेताने आवळल्या आणि ओल लागू नये म्हणून बुडाला सायकलचे जुने टायर शिवले.

मग फाळणी झाली. आजोबा आधीच वारले होते. टुकूचे आईवडील वाटेत पटकीने गेले. टुकूला कडेवर आणि मला डोक्यावर घेऊन तिची आजी निभाननी कोलकात्याच्या सियालदा स्टेशनवर उतरल्या. घरातले एकुलते पातेले माझ्या पोकळ पोटात बांधलेले होते. फलाटावर टुकू मला टेकून झोपायची. पुढे डमडमजवळ निर्वासितांच्या वस्तीत निभाननींनी बांबूच्या तट्ट्यांची खोली उभी केली. तिथे बसण्याजोगा मी एकटाच. तरी आजी-नात माझ्यावर कधी बसल्या नाहीत. टुकूने एकदा नुसते टेकून पाहिले, तर चुलीकडून आवाज आला, "पाहुणी आहेस का गं तू? ऊठ!"

त्या चिखलात पाहुणा कोण येणार? पण निभाननी मला रोज पुसत.

१९५४ साली भर पावसात, पदराखाली जाड पुस्तक झाकून पाहुणी आली. तिचे नाव सुनीती. मराठी मुलगी, पण जन्म कोलकात्यातला; वडील गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत. ती विद्यापीठात समाजकार्य शिकत होती. काही दिवस वर्गात पुस्तके, काही दिवस वस्तीत माणसे, असा तो अभ्यास. या वेळी तिच्या पुस्तकी विद्येवर दोन जीव टांगलेले होते. मदत-कचेरीने जवळजवळ ठरवले होते, की म्हातारीला निराधार बायकांच्या आश्रमात आणि टुकूला अनाथालयात धाडावे. आजीला नात सांभाळता येईल का, ते पाहून सुनीतीने मत द्यायचे होते.

निभाननींनी मला पदराने पुसले आणि तिच्यापुढे ठेवले. सुनीती हसली आणि माझ्या शेजारी ओल्या जमिनीवर बसली. "मी इथेच बरी, माशीमा," ती म्हणाली; माशीमा म्हणजे मावशी. मग नाडू आला. नाडू म्हणजे गूळखोबऱ्याचा लाडू. तोही तिने हात जोडून परत केला. लोकांपेक्षा उंच बसू नका, गरिबाघरचे काही घेऊ नका, असे तिच्या सरांनी शिकवले होते. त्यांनी चांगल्या मनाने शिकवले होते आणि ती चांगल्या मनाने पाळत होती.

निभाननींचे तोंड मात्र मिटले. सुनीती सुरेख बंगालीत विचारत राहिली. टुकू शाळेत जाते का? आजारी पडली तर कोण बघतं? उत्तरे यायची, "चाललंय." "देव आहे." ती पुन्हा आली, पुन्हा जमिनीवर बसली आणि पुन्हा रिकाम्या हाताने गेली.

त्यानंतरच्या खेपेला तिची आई प्रेमलताबाई सोबत आल्या. "सारखी डमडमला जातेस, बघू तरी कुठे!" मला पाहताच त्या म्हणाल्या, "अगं बाई, काय सुबक आहे!" आणि ऐसपैस बसल्या. मी कुरकुरलो. आनंदानेही कुरकुरता येते, हे मला त्या दिवशी कळले.

"आई, ऊठ ना," सुनीती मराठीत कुजबुजली. "सरांनी सांगितलंय..."

"सरांनी मांडलाय का हा? यांनी मांडलाय. गप बस." नाडू तोंडात टाकून त्या बाजारात शिकलेल्या बंगालीत म्हणाल्या, "खूब भालो! गूळ कुठला?"

गुळावरून गोष्टी निघाल्या. निभाननींनी विचारले, "तुम्ही मासे खात नाही म्हणे. मग जगता कशावर?"

"वरणभातावर!"

"अरेरे," निभाननी मनापासून म्हणाल्या. मग त्या सुनीतीकडे वळल्या. "एक विचारू, पोरी? माझ्या घरचं आसन तुला का चालत नाही? आता तू साहेबाला सांगणार, म्हातारीकडे पाहुण्याला बसवायलासुद्धा काही नाही, ती पोर काय सांभाळणार!"

सुनीतीचा चेहरा उतरला. "नाही हो, माशीमा. मला वाटलं, मी उंच बसले तर तुम्हाला कमीपणा वाटेल."

"उंच?" निभाननींनी मला नखशिखांत न्याहाळले. "एवढासा तर आहे हा!"

टुकू फिसकन हसली. प्रेमलताबाई उठल्या, सुनीती बसली. आणि मग निभाननी बोलल्या. कागदी पिशव्या चिकटवून त्या घर चालवत. टुकू वस्तीच्या शाळेत जाई. ताप आला, तर शेजारीण उशाशी बसे. "ती झोपेत माझा पदर धरते," त्या म्हणाल्या. "आश्रमात कोणाचा धरील?"

सुनीतीने मत दिले: दोघींना एकत्र राहू द्यावे. पण मदत-कचेरीचे साहेब आले ते घड्याळ बघतच. "तुमचं मत वाचलं. भावना ठीक आहे. पण जागा आज रिकामी आहे, मुलीला तयार करा."

निभाननींनी मला पुढे सरकवले.

"बसायला वेळ नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, आधी बसा," सुनीती म्हणाली. "तुम्ही यांच्या घरी आला आहात. उभ्याउभ्या यांचं घर मोडू नका."

साहेबांनी पुन्हा एकदा घड्याळ पाहिले. मग बसले. नाडू आला. तोंडात नाडू असताना हुकूम सोडता येत नाही, म्हणून त्यांना ऐकावे लागले. बरेच ऐकल्यावर त्यांनी टुकूला विचारले, "तुला कुठे राहायचंय गं?"

"इथेच. तुम्ही गेलात की मी इथेच राहणार."

साहेबांना ठसका लागला. निभाननींनी पाणी दिले. उठताना ते म्हणाले, "राहू दे. दोघींची मदत घरीच पाठवायची सोय करतो."

सरांनी सुनीतीला किती गुण दिले, ते मला कळले नाही.

पुढे टुकू मोठी झाली, घरात खुर्च्या आल्या आणि मी कोळशाची बादली डोक्यावर घेऊन कोपऱ्यात गेलो. कुणी मला पुसेना. सुनीती अधूनमधून येते. बादली स्वतः उतरवते आणि खुर्ची सोडून माझ्यावर बसते. मित्रांनो, माझा वेत आता सुटत चालला आहे. कुणी चार वेढे घातले, तर अजून काही वर्षे टिकेन. जुन्या वस्तूला एवढे पुरते. आणि कुणाच्या घरी गेलात, त्यांनी तुमच्यापुढे काही मांडले, तर बसा.

बारीसालच्या घरात माझ्यासारखे सहा मोढे होते, आणि तरीही संध्याकाळी इतके पाहुणे येत, की कुणाला तरी पायरीवर बसावे लागे.