फोतिनीच्या छातीतली डबी

एक बॅटरी, विजेची एक चकती, धातूचे एक बंद कवच, एक तार आणि तारेच्या टोकाला तीन बारीक वेटोळी. मित्रांनो, एवढाच माझा देह. सतरा वर्षांच्या फोतिनीच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत मी राहते. माझी वेटोळी तिच्या मानेतल्या एका मज्जातंतूला बिलगलेली आहेत. दर पाच मिनिटांनी मी त्याला अर्धे मिनिट विजेच्या हलक्या टिचक्या देते आणि तो त्या मेंदूकडे पोहोचवतो.

चार औषधे हरल्यावर मला बसवले. तेव्हा फोतिनीला महिन्याला वीस आकड्या येत. वर्षभरात त्या आठवर आल्या. तिची आई कलिरोई चर्चमध्ये माझ्या नावानेही मेणबत्ती लावू लागली. टिचक्या सुरू असताना फोतिनीचा आवाज तेवढा घोगरा होई. ती कामाला जाई त्या सफरचंदांच्या वखारीतल्या बायका चिडवत, "काय गं, घशात बेडूक पाळलास का?"

माझ्यासोबत एक लोहचुंबक आला होता. आकडीची चाहूल लागताच तो माझ्यावरून एकदा फिरवला, की मी जादा टिचक्या देते. तो माझ्यावर ठेवूनच दिला, तर मात्र मी थांबते. कलिरोईला दोन्ही सांगितले होते. तिच्या लक्षात राहिले ते एवढेच: चुंबक सतत जवळ हवा. आणि फोतिनी तो रोज कुठेतरी विसरे.

गुड फ्रायडेला कलिरोईने चर्चमधली फुले आणली, ती चुंबकासह कापडात शिवली आणि तो ताईत लेकीच्या बनियनला आतून, बरोबर माझ्यावर, टाचला.

"आता विसर बघू!"

"आई, मी काय तान्हं बाळ आहे?"

"माझ्यासाठी आहेसच. हलू नकोस, टोचेल."

आणि मी थांबले. बॅटरी भरलेली, वेटोळी जागेवर, तरी एक टिचकी निघेना! जिवंतपणी कोणी तोंड दाबून धरावे, तसे झाले. फोतिनीचा आवाज स्वच्छ झाला. कलिरोई म्हणाली, "बघ, ताईताचा गुण!"

मग आकड्या परतल्या. शिडीवर, जेवताना, आंघोळीत. प्रत्येक वेळी आई धावत येई आणि तो ताईत तिच्या छातीवर घट्ट दाबून धरी. मी आतून ते सोसत होते.

लारिसा शहरातल्या दवाखान्यात तपासणीसाठी बनियन उतरवले, की ताईतही उतरे आणि मी ठणठणीत निघे.

"डबी चालतेय, पण हिला उपयोग नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढून टाकू या."

खुर्चीवरचे बनियन उचलत फोतिनी म्हणाली, "आवाज परत आला, आकड्याही परत आल्या. दोघं एकाच बसनं आली वाटतं."

डॉक्टरीणबाईंचा हात थबकला. "आवाज परत आला? कधीपासून?" त्यांची नजर टाचणीवर गेली. "हे काय आहे?"

"देवाचं आहे ते. हात नका लावू," कलिरोई म्हणाली.

त्यांनी टेबलावरची कात्री जवळ नेली. ती खटकन ताईताला चिकटली.

कलिरोईचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे... मी दाबत होते... मीच?" फोतिनीने ताईत स्वतः उसवला, फुले आईच्या ओंजळीत ठेवली आणि चुंबक मनगटाला बांधला.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी जरूर घ्या. पण ती कशी घ्यायची, हे दुसऱ्यांदा विचारायला लाजू नका.

ताईत उसवण्याआधीच्या महिन्यातल्या आकड्या: एकवीस. नंतरच्या महिन्यातल्या: नऊ.