वेशीतले सात दगड

सिंहस्थ जवळ आला, तशी नाशिकमधली एक जुनी वेस अचानक ऐतिहासिक झाली. तोवर ती बिचारी कोचिंग क्लासचे फलक आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिचकाऱ्या अंगावर घेऊन गुपचूप उभी होती. तिच्या कमानीतले सात दगड फुटले होते. ते बदलायचं काम भिकन पाथरवटाकडे आलं.

भिकनने त्यात चार महिने घातले. जुन्याशी जुळेल असा काळा पाषाण शोधला, टाकीचे घावही तसेच घातले, सांध्यांत चुना भरला. त्याचा खरा डोळा होता गोदाकाठच्या एका पडक्या घाटावर. वेशीचं काम पास झालं, तर घाटाच्या पायऱ्या त्याच्या हाती येणार होत्या. नाहीतर तिथे टाइल्स बसणार. गुळगुळीत टाइल्सवरून ओल्या पायांनी भाविक थेट मोक्षालाच पोचले असते, ही सोय वेगळी.

पाहणीला महापालिकेचे साहेब आले. गॉगल काढून त्यांनी कमान न्याहाळली.

“काम कुठे केलंय?”

“हे काय साहेब, सात दगड नवे हायेत.”

“कुठले?”

भिकन दाखवायला पुढे झाला आणि क्षणभर त्यालाही सापडेनात. त्याला कोण आनंद झाला!

“होती तशीच तर आहे!” साहेब वैतागले. एवढी शाबासकी भिकनला जन्मात मिळाली नव्हती. “वरून कमिटी आली की तिला काय दाखवू? आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो, फरक काय?”

मग साहेबांनाच सुचलं. कमानीच्या माथ्यावर चकचकीत ग्रॅनाइटचा फलक लावायचा. त्यावर ‘नूतनीकरण’ आणि खाली मान्यवरांची अकरा नावं. भिकनचं नाव बसेल एवढी जागा ग्रॅनाइटमध्ये कुठून असणार?

“मधल्या दगडाला चार भोकं पाडा. दगडातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं?”

तो दगड भिकनचाच होता. त्या जागेसाठी आधी घडवलेले तीन त्याने स्वतःच नापास केले होते.

“साहेब, सगळ्या कमानीचा भार त्याच्यावर हाय. त्याला नका हात लावू.”

“घाट हवाय ना?”

भिकनने ड्रिल हातात घेतलं. काळी भुकटी त्याच्या मिशांवर बसली. त्याला अगदी रडू आलं. डोळ्यांत धूळ गेली म्हणायची तेवढी सोय होती.

फलक लागला, फोटो निघाले. साहेबांनी खुशीत कागदावर सही ठोकली.

“मग घाटाचं कधी, साहेब?”

“घाटाला टाइल्सच ठरल्या हो. लांबूनसुद्धा नवं दिसतं. तुमच्या कामात माणूस मरमर मरतो आणि केलं काय, ते कळतच नाही.”