आधी मला पुसले

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि मला राग आला आहे. दोन वर्षे झाली, तो उतरलेला नाही. काचेच्या पेटीत पडून राहणारीला राग गिळण्यावाचून दुसरे काम नसते, पण आज मी तो गिळणार नाही.

आधी माझी ओळख करून देते. मी टेकत चालायची काठी नव्हे. मला दोन पाय आहेत, वर पितळी बिजागरी आहे आणि तुमच्या कंपासपेटीतल्या कर्कटकासारखी मी उघडते. उघडले की माझ्या दोन टोकांत बरोबर तीस इंच अंतर पडते. सैनिकाचे एक पाऊल तेवढेच असावे लागते. उत्तर इंग्लंडमधल्या हेक्सली मूरच्या माळावर सैन्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या मैदानावर मी सदतीस वर्षे पावले मोजली.

एका म्हाताऱ्या सुताराने मला शिसवी लाकडातून घडवले. माझा डावा पाय केसभर जाड झाला म्हणून त्याने तो दोनदा फेकून दिला आणि तिसऱ्यांदा जमवला. मग मी सार्जंट मेजर केल यांच्या काखेत गेले. त्यांचा आवाज असा की माळावरचे कावळे उडायचे. एका मार्चमध्ये दीक्षान्त संचलनाच्या दिवशी गारा पडू लागल्या. केलनी आभाळाकडे पाहिले, मग रांगेतल्या पोरांच्या निळ्या पडलेल्या कानांकडे पाहिले आणि सगळी तुकडी मैदानापलीकडच्या कवायतीच्या शेडमध्ये नेली. शेडमध्ये प्रत्येकाचे दोनच पाहुणे मावतात. उरलेल्या मामा-मावश्या दारांत, खिडक्यांत दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि कुरकुरल्या. अधिकारी तर महिनाभर चिडवत होते, "केल, तुझी पोरं साखरेची आहेत काय रे?"

"साखरेची नाहीत," केल म्हणायचे, "पण माझी आहेत."

ते निवृत्त झाले आणि मी सार्जंट मेजर थर्लो यांच्या हाती आले. त्यांनी मला जेवढे जपले तेवढे कोणी पोटच्या पोरालाही जपत नाही. दर रविवारी जवसाचे तेल, पितळेला पॉलिश आणि सराव चालू असताना पावसाचा थेंब पडला की मेणकापडाची पिशवी. मी फुशारून गेले होते. या लाडांत मीही सुखावले, हे आज कबूल करते.

थर्लोंचा एकच हट्ट होता. त्यांच्या कारकिर्दीत एकही संचलन शेडमध्ये झाले नव्हते. पाऊस असो, वारा असो, सगळे मैदानावर. एकोणीस वर्षे त्यांनी हे मिरवले. कोणी काही बोलले की उत्तर तयार असायचे, "लढाईत पाऊस थांबतो का?"

मित्रांनो, या वाक्याने माझ्या अंगाची आग होते. ही पोरे चिखलात आठवडाआठवडा झोपतात आणि हूं का चूं करत नाहीत. पण तिथे ती हलतात, अंगावर पावसाळी कोट असतो, कोणीतरी गरम चहा आणतो. पातळ गणवेशात, मान न हलवता, उशिरा येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत ताटकळत उभे राहायचे, अशी लढाई कोणत्या देशात होते ते मला कोणी तरी सांगा.

दोन वर्षांपूर्वी नेरिस बेव्हन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी तुकडीत होती. वेल्सच्या डोंगरातली, आजोबांनी वाढवलेली. तिचे पाऊल इतके नेमके पडायचे की मला उघडायचीही गरज नसे. संचलनाच्या आदल्या दिवशी मी पिशवीत गुंडाळलेली शेडच्या खुंटीवर लटकत होते. आभाळ भरले की नियमाप्रमाणे शेड तयार ठेवावीच लागते, म्हणून खाली कॉर्पोरल डीकन खुर्च्या मांडून घेत होती. नेरिस खुर्च्या उचलता उचलता खोकत होती.

"बेव्हन, छाती वाजतेय तुझी. डॉक्टरकडे जा," डीकन म्हणाली.

"गेले तर उद्या मला उभं करणार नाहीत, कॉर्पोरल. सात आठवडे मागच्या तुकडीत ढकलतील."

"ढकलू दे की. मरत नाहीस सात आठवड्यांनी."

"आजोबा ब्याऐंशीचे आहेत. दोन गाड्या बदलून यायला निघालेत. पुन्हा नाही जमणार त्यांना." मग ती हसली. "आणि या खुर्च्या मांडतोयच ना आपण? आतच होईल उद्या."

सकाळी बर्फ मिसळलेला पाऊस आडवा येत होता. शेडचे दार सताड उघडे होते, आत खुर्च्या कोरड्या ठणठणीत. थर्लो मला काखेत घेऊन मैदानाच्या कडेला उभे होते. डीकन धावत आली.

"सर, शेड तयार आहे."

"मग दार लावून घे. खुर्च्या भिजतील."

"निदान पोरांना मोठे कोट तरी घालू देत, सर."

"आज तारीख काय?"

"सत्तावीस ऑक्टोबर."

"कोट कधीपासून चढतात?"

डीकनने खाली पाहिले. "एक नोव्हेंबर, सर."

"मग पाच दिवस थांब म्हणून सांग पावसाला."

तो त्यांचा विनोद होता. डीकन हसली नाही. नियम म्हणजे नियम, तारीख म्हणजे तारीख. एकशे वीस कोट कोठीत खुंट्यांना टांगलेले आणि एकशे वीस पोरे पावसात. मी मात्र त्या दिवशी पिशवीबाहेर होते, कारण संचलनाला उघडी काठी शोभते.

मुख्य पाहुण्यांची मोटार घाटात अडकली. चाळीस मिनिटे. त्यांच्यासाठीच्या मंचाला छप्पर होते आणि त्याखाली कोणी नव्हते. उघड्या बाकांवर घरचे लोक छत्र्या सावरत बसले होते. पहिल्याच बाकावर एक वाळका म्हातारा होता. नातीला नीट दिसावे म्हणून त्याने छत्रीसुद्धा मिटून ठेवली होती. थर्लो रांगेसमोरून गेले तेव्हा नेरिसच्या छातीतली घरघर मी ऐकली. त्यांनीही ऐकली असणार, कारण त्यांची चाल क्षणभर मंदावली. मग ते पुढे गेले.

पाहुण्यांच्या मोटारीचे दिवे फाटकाशी दिसले आणि नेरिस पडली. हात बाजूंना चिकटलेले, गुडघे ताठ, जशी उभी तशीच. चक्कर आली तरी सावधानमध्येच पडायचे, असे इथे कौतुकाने सांगतात. हनुवटी फुटली. शेजारच्या मुलीने मान वळवली नाही, तिला तसेच शिकवले होते. डीकन एकटी धावली. बँड सुरू झाला.

तिला कुठे नेले असेल? शेडमध्ये. त्याच कोरड्या खुर्च्या जोडून तिला निजवले, वर घोंगड्या टाकल्या आणि कोठीतला एक मोठा कोटही पाच दिवस आधीच निघाला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. आजोबा तिचा हात चोळत बसले होते. ती डोळे मिटून पुन्हा पुन्हा विचारत होती, "झालं का माझं संचलन? धरतील ना?"

संचलन आटोपून थर्लो आत आले. आले ते खिशातून मऊ फडके काढून एका खुर्चीवर बसले आणि मला पुसू लागले. आधी बिजागरी, मग एक पाय, मग दुसरा. ते काही राक्षस नव्हते, मित्रांनो. ती त्यांची सवय होती. पण मुलगी चार हातांवर कण्हत होती आणि ते मला पुसत होते.

"काय करताय?" आजोबांनी विचारले.

"काठी पुसतोय. पाणी मुरलं तर लाकूड वाकतं."

आजोबांनी घोंगडी नातीच्या गळ्यापर्यंत ओढली. "मी साठ वर्षं मेंढ्या राखल्या. लोकर कापलेली मेंढी अशा गारठ्यात कोणी बाहेर ठेवत नाही. आमच्याकडचं येडं पोरगंसुद्धा आधी तिला आत घेतं, मग आपली काठी शोधतं."

थर्लोंचा हात थांबला. ते काहीतरी म्हणणार होते, बहुधा लढाईचेच. पण रुग्णवाहिका आली.

न्यूमोनिया झाला होता. नेरिस सहा आठवडे रुग्णालयात होती. उजवे फुप्फुस पुरते सुधारले नाही आणि वसंतात तिला सैन्यसेवेस अपात्र ठरवल्याचे पत्र गेले. चौदा आठवडे नेमके पाऊल टाकणारी ती मुलगी, चाळीस मिनिटे उभी केली म्हणून घरी गेली. थर्लो मानाने निवृत्त झाले. मला काचेच्या पेटीत ठेवून खाली पितळी पाटी लावली, 'एकोणीस वर्षे, एकही संचलन आत नाही.' दर रविवारी कोणीतरी येते आणि मला तेल लावते.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला नको ते तेल. माझ्या पेटीसमोरच्या खिडकीतून मैदान आणि पलीकडची शेड दिसते. उद्या नवी तुकडी आहे, आभाळ शिसवासारखे काळे झाले आहे आणि डीकन शेडमध्ये खुर्च्या मांडते आहे. आता ती सार्जंट आहे, पण दार उघडायचा हुकूम अजून तिचा नाही. तुमच्यापैकी कोणाच्या हाती तो हुकूम आला, तर आधी पोरांना आत घ्या. मग वेळ उरला तर मला पुसा.