मेणाची गोष्ट

आमच्या कोशाच्या कचेरीत एक रीत आहे. एकाने शब्दाचं मूळ शोधायचं आणि दुसऱ्याने त्यात खुसपट काढायचं. माझ्या वाट्याला माझी नणंदच आली होती. तिला तर माझा चहाही खुसपट काढायला पुरतो.

परवा 'सिन्सिअरली', म्हणजे मनापासून, हे इंग्रजी क्रियाविशेषण माझ्याकडे आलं. लॅटिनमध्ये 'सिने' म्हणजे विना आणि 'केरा' म्हणजे मेण. लबाड मूर्तिकार दगडातल्या चिरा मेणाने बुजवायचे, म्हणून बिनमेणाचं ते अस्सल, असं कुठेतरी वाचून मी हरखून गेले. नणंदेने माझं टिपण वाचलं. "छान जमलंय, वहिनी," ती म्हणाली. "बोट ठेवायला जागा नाही."

इतक्या वर्षांतलं तिचं पहिलं कौतुक. मूर्खासारखं मी ते नवऱ्यालाही सांगितलं.

बैठकीत मेणाची गोष्ट सांगून मी खाली बसते, तोच ती उठली. "ही नुसती दंतकथा आहे," ती संपादकांना म्हणाली. "मूळ शब्द 'सिन्केरुस', म्हणजे स्वच्छ, निर्भेळ. मेणाला काही पुरावा नाही." तिचे सगळे संदर्भ आधीच टाचून तयार होते. लोक हसले. केसाने गळा कापला तिने माझा.

दुसऱ्या दिवशी तिने आपला शब्द माझ्यापुढे ठेवला. रीत ती रीत. मी तो नीट वाचला.

"छान जमलंय," मी म्हणाले.

तिचा चेहरा खर्रकन उतरला. कागद ओढून घेऊन ती संध्याकाळपर्यंत त्यात खुसपट शोधत बसली. त्यात एकही नव्हतं.