सातव्या पिंजऱ्यातल्या माद्या

"मॅडम, सातव्या पिंजऱ्यात सगळ्या माद्याच आहेत. मी दोनदा बघितलं."

"त्यातल्या दोघींत नराचं गुणसूत्र निघालंय," संगणकावरून नजर न काढता मॅडम म्हणाल्या. "जीन बंद केला ना, त्यामुळे वृषण घडलेच नाहीत. दिसायला चोख मादी. पण वयात येणार नाहीत त्या."

अठरा वर्षं ती प्रयोगशाळेच्या या उंदीरघरात मदतनीस होती. पिंजरे बदलणं, कानाला खूण करणं, शेपटीचा तुकडा तपासणीला देणं, सगळं हातात बसलेलं. त्या दिवशी मात्र चिठ्ठीवर 'मादी' लिहिताना पेन अडलं. घरी लेकीला सोळावं सरत आलं होतं आणि पाळी अजून आली नव्हती.

"येईल गं, मलाही उशिराच आली होती," सासूबाई म्हणायच्या.

संध्याकाळी लेक केस विंचरत होती. आई बघतच राहिली.

"काय बघतेस? दृष्ट लावशील," लेक हसली.

त्याच आठवड्यात तिनं लेकीला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी करणारी बाई आधी बडबडत होती. मग यंत्र एकाच जागी फिरवत राहिली. लेकीचं रक्त तपासणीला दिलं. अहवालाला तीन आठवडे लागणार होते. त्याच काळात सातव्या पिंजऱ्यातल्या त्या दोघींची चिरफाड ठरली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं अशा दिवशी रजा मागितली.

"गुणसूत्रं मुलाची आहेत, वाढ मुलीची," आलेला अहवाल बघत डॉक्टर सावकाश म्हणाले. "आतल्या ग्रंथी नीट घडल्या नाहीत. त्या काढाव्या लागतील. ठेवल्या तर कॅन्सरची भीती. पाळी गोळ्यांनी येईल."

"आणि मूल?" लेकीनंच विचारलं.

"स्वतःच्या बीजाचं नाही होणार."

बाहेर बाकावर दोघी बसल्या. माणसं येत-जात होती.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"महिना झाला."

लेकीनं तिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज चढला. "महिनाभर एकटीच उराशी धरून बसलीस? मला सांगितलं नाहीस?"

लेकीनं आईच्या मांडीवरची फाइल उचलली, आपल्या दप्तरात ठेवली आणि चेन ओढली.

"बाबांना मी सांगणार. तू मध्ये बोलू नकोस."

ती उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि जिना उतरू लागली, कठड्याला हात न लावता. आई दोन पायऱ्या मागे राहून उतरत होती.