उतरल्याची खूण

जयपाल मगदुमांच्या घरी दोन फोन होते आणि दोन्ही मिळून आठवड्यात एकदा वाजायचे. मोबाईल मुलीनं, आदितीनं, बेंगळुरूहून घेऊन दिलेला. तो रविवारी सकाळी दहाला वाजायचा आणि दहा-बारा मिनिटांत गप्प व्हायचा. दुसरा तारेचा, दिवाणखान्यात तिवईवर बसलेला. तो फेब्रुवारीपासून वाजलाच नव्हता. तरी आण्णा, म्हणजे मगदूमच, त्याचं भाडं दर दोन महिन्यांनी मुदतीच्या आधी भरून येत आणि घरी आल्यावर रिसीव्हर उचलून आतला आवाज ऐकत. आवाज असायचा. म्हणजे दोष फोनचा नव्हता.

दोष वेबसाईटचा होता. कोल्हापुरातल्या 'मोकळं रान भटकंती मंडळा'ची वेबसाईट सन दोन हजार साली श्रीशैल नावाच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं फुकटच्या जागेवर बांधली होती. रांगण्याला कुठून चढायचं, पारगडावर पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं, पन्हाळ्याहून विशाळगडाकडं चालताना मुक्कामाला कुणाच्या दारात जायचं, असं सगळं त्यात होतं. अगदी तळाला एक ओळ : 'निघण्यापूर्वी फोन करा, उतरल्यावर कळवा.' त्याखाली आण्णांचा नंबर. आण्णा मंडळाचे खजिनदार. पण नंबर त्यांचा टाकला तो तेवढ्यासाठी नव्हे. घरी हमखास सापडेल असा माणूस मंडळात तोच एक होता. बँकेतली नोकरी संपली त्याच वर्षी त्रिशलाबाई गेल्या. तेव्हापासून शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांत हमखास सापडण्याखेरीज आण्णांना दुसरं काम नव्हतं.

पण मिळालं ते काम त्यांनी बँकेच्या इमानानं केलं. एक लांब वही घातली. रकाने आखले : तारीख, नाव, गाव, फोन, कुठे जाणार, माणसं किती. शेवटचा रकाना 'उतरले'. शुक्रवारी पुण्या-मुंबईची पोरं फोन करायची, "काका, गगनबावड्याला गाडी किती वाजता?" रविवारी संध्याकाळी त्यांचेच फोन, "काका, उतरलो." मग आण्णा शेवटच्या रकान्यात खूण करायचे आणि मगच जेवायला बसायचे. सात वर्षांत बाराशे नव्वद नोंदी. खूण नसलेल्या फक्त चार. त्यातले दोघे विसरले, एक परस्पर गोव्याला गेला, आणि चौथ्यानं नंबर चुकीचा दिलेला. चौथ्याची आठवण आली की आण्णांना अजून घास गिळवत नसे.

फेब्रुवारीत फुकट जागा देणाऱ्यांनी जागा बंद केली. श्रीशैल अमेरिकेत. वेबसाईट गेली आणि तिच्यासोबत शुक्रवार-रविवारही गेले.

शाहूपुरीतच संगणकाचं ऑफिस थाटलेल्या सुष्मिता नावाच्या मुलीनं नव्यानं बांधून द्यायचे अठ्ठावीस हजार सांगितले. मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष हंबीररावांनी आकडा ऐकून मिशीवरनं हात फिरवला. हंबीरराव शिवाजी पेठेतले. त्यांनी चाळीस वर्षांत तालमीसाठी, फुटबॉल टीमसाठी आणि चौकातल्या दिव्यासाठी वर्गणी काढलेली. डोंगर मात्र एकही चढलेले नव्हते.

"आण्णा, पावतीपुस्तक छापा. पण एक सांगतो, लोकांस्नी दिसणाऱ्या गोष्टीला पैसे सुटत्यात. टीमला बूट दिलं तर मैदानात दिसत्यात. ह्यो तुमचा फलक लावायचा कुठं?"

"तो घरोघर दिसतो, हंबीरराव. जगात कुठूनही."

"जगाला दिसून काय करायचंय? शेजाऱ्याला दिसलं पायजे."

हंबीरराव म्हणाले त्यात काही खोट नव्हती. आण्णा पावतीपुस्तक घेऊन चार महिने फिरले. कापडवाल्यानं एकावन्न दिले आणि वर्षभराचे आशीर्वाद मागितले. एका डॉक्टरनं एकशे एक दिले, वर गुडघ्याची चौकशी केली. खानावळवाल्या बायडाबाईंनी तर सरळच विचारलं, "आण्णा, ह्ये नसलं तर काय अडतंय वो कुणाचं?" आण्णांनी पोरं वाट चुकतात, पाण्यावाचून हाल होतात, असं बरंच सांगितलं. स्वतःचं काय अडतं ते मात्र सांगितलं नाही. बायडाबाईंनी शंभराची नोट काढली. "पोरांसाठी न्हवं," त्या म्हणाल्या, "तुमी उन्हातनं आलाय म्हणून."

जूनअखेर जमा अकरा हजार चारशे सदुसष्ट. त्यात आण्णांच्या चपलांचे तळ धरलेले नव्हते.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून आण्णा बस पकडून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेले. तिथं गुरुसिद्ध यांची फौंड्री होती. माणूस सीमेकडचा, दिलदार आणि घाईतला. त्यानं कागद पुरता वाचलाही नाही.

"आण्णा, किती कमी पडतात? साडेसोळा? मी देतो. सगळे."

आण्णांनी पिशवीतनं पेन काढलं.

"एकच करा. खाली फोन नंबर असतो ना, तिथं आमच्या गेटचा टाका. तीन पाळ्या चालतात, माणूस कायम जागा. जीप उभी असते. कुणाचा पाय मोडला तर तुम्ही शाहूपुरीतनं काय करणार? रडणार?" गुरुसिद्ध हसले. "आता या वयात कशाला फोनपाशी बसून राहायचं? सुटा की जरा."

यातला एक शब्दही खोडण्यासारखा नव्हता. जमाखर्चाच्या कोणत्याही बाजूनं पाहिलं तरी सौदा मंडळाच्या फायद्याचा होता. आण्णांनी पेनाला टोपण घातलं, "कमिटीपुढं ठेवतो" म्हणाले आणि बसमध्ये बसल्यावर स्वतःलाच सांगितलं की ठेवणार नाही.

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक पैशाची लबाडी केली नव्हती. त्यामुळं ती कशी करतात हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली एक मुदतठेव मोडली. फोनची वही उघडली आणि तीतली तेहतीस नावं निवडली. चिंचवडचे शिरीष काणे, डोंबिवलीच्या मृणाल वर्तक, साताऱ्याचे दोघे भाऊ. प्रत्येकाच्या नावानं पाचशे एकची पावती फाडली. एकाच शाईचा संशय नको म्हणून मधूनमधून पेन बदललं. नावं घेतली ती फक्त खूण असलेल्यांची. लबाडीतही एवढी शिस्त त्यांनी पाळली.

वेबसाईट उभी राहिली, नंबर आण्णांचाच राहिला, आणि उद्घाटन ठरलं शिवाजी पेठेत, तालमीच्या हॉलमध्ये. सुष्मितानं संगणक आणून मांडला, हंबीररावांनी त्याला हार घातला. पंचवीस-तीस माणसं जमली. गुरुसिद्धही वेळ काढून आले. आणि मग हंबीररावांनी टेबलाखालचं पोतं पुढं ओढलं.

पोतं पाहिलं तेव्हा कुठं आण्णांना आठवलं. पेठेतला रिवाज ते साफ विसरले होते. पाचशे एक किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला नाव पुकारून नारळ द्यायचा. हंबीररावांनी पावतीपुस्तकावरनं मोजून नारळ आणले होते.

"श्री. शिरीष काणे, चिंचवड!"

कुणी उठलं नाही.

"आले न्हाईत जणू. सौ. मृणाल वर्तक, डोंबिवली!"

मागच्या खुर्चीवरनं कुणीतरी म्हणालं, "मुंबईची गाडी लेट असंल." हॉल हसला. न आलेल्यांचा नारळ खजिनदारांकडं, असं करत पाच नारळ आण्णांच्या मांडीवर आले. सहावं नाव वाचायला हंबीररावांनी तोंड उघडलं आणि यादीवर नजर थांबवली. खालपर्यंत नेली. मग आण्णांकडं पाहिलं.

"बाहेरगावचं नारळ आण्णांच्या घरी पोचतं होतील," त्यांनी जाहीर केलं. "आता चहा घ्या."

चहाच्या वेळी गुरुसिद्ध बोलून गेलेच. "हंबीरराव, मी तर सगळी रक्कम देणार होतो. आमचा गेटचा नंबर टाका म्हटलं. आण्णा फिरकलेच नाहीत."

"आसं व्हय," हंबीरराव म्हणाले.

माणसं पांगल्यावर ते आण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. मधे नारळाचं पोतं.

"आण्णा, चाळीस वर्षं वर्गणी गोळा करतोय. वर्गणी एकतर कमी पडती, न्हायतर उरती. बरोबर अठ्ठावीस हजार, वर रुपाया न्हाई, खाली रुपाया न्हाई, आसं देवाच्या दारातबी झालं न्हाई. ह्ये बँकेतला माणूसच करू जाणं."

आण्णांनी मांडीवरचे पाच नारळ एकेक करून पोत्यात टाकले.

"ही माणसं तरी खरी हायत का?"

"खरी आहेत," आण्णा म्हणाले. "सगळी उतरलेली आहेत."

हंबीररावांना ते कळलं नाही. मग आण्णांनी वहीबद्दल सांगितलं, शेवटच्या रकान्याबद्दल सांगितलं, आणि फेब्रुवारीपासूनच्या कोऱ्या पानांबद्दलही. सांगताना ते समोरच्या हार घातलेल्या संगणकाकडं बघत होते. हंबीररावांनी मधे एकदाच विचारलं, "आन् ठेव कितीची मोडली?" आकडा ऐकून ते उठले.

"पोरी, आवरू नगं," त्यांनी सुष्मिताला हाक मारली. "खाली आणखी एक नंबर घालाय किती येळ?"

"पाच मिनिटं, काका."

"मग घाल. पाय मोडला, वाट चुकली, जीप पायजे, तर गुरुसिद्धच्या गेटचा. त्यो दारात हाय अजून, मी त्याला सांगतो. मोडल्या पायाला जीपच लागती, आण्णा, ह्यात आपला हट्ट नगं." मग परत सुष्मिताकडं वळून, "आन् निघताना नि उतरल्यावर कळवायचं ते आण्णांच्या नंबरवर. ह्ये फौंड्रीच्या वॉचमनला जमायचं न्हाई."

पहिला शुक्रवार कोरा गेला. रविवारी दहाला आदितीचा फोन आला. नवीन वेबसाईट बघितली, छान आहे, म्हणाली. पुढचा शुक्रवारही कोरा. पोरांकडं आता स्वतःचे फोन होते. कुणाला कधी कळवायचं ते आपसात ठरवत असतील. आण्णांनी पंधरा दिवसांत तीनदा रिसीव्हर उचलून आतला आवाज ऐकला.

त्या रविवारी दुपारी हंबीरराव रिक्षातनं पोतं घेऊन आले. नारळ गॅलरीत ओतले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि पाचाच्या सुमाराला गेले. आण्णा तिवईपाशी येऊन बसले.

वीस मिनिटांनी तारेचा फोन वाजला. आण्णांनी दुसरी घंटा होऊ दिली नाही.

"आण्णा, हंबीरराव बोलतोय. उतरलो."

"कुठून?"

"रिक्षातनं की. चौकात. आमच्या दारात. तेवढी खूण करा म्हटलं."

"करतो," आण्णा म्हणाले.

रिसीव्हर ठेवून त्यांनी वही उघडली. तारीख. नाव. कुठे जाणार : शिवाजी पेठ. माणसं : एक. शेवटच्या रकान्यात खूण केली, शाई वाळेपर्यंत बोट अलीकडं धरून ठेवलं. बाराशे एक्याण्णव.

मग ते गॅलरीत गेले. नारळ मोजले, तेहतीस भरले. एका माणसाला एक नारळ आठवडाभर पुरतो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंतची सोय झाली. त्यांनी वरचा एक उचलला, कानाशी धरून हलवून पाहिला आणि आत नेला.